पिवळ्या अक्षरांतलं नाव

विजयमालाबाईंना सुप्याच्या आसपास दोन गोष्टींसाठी ओळखतात: भांडणासाठी आणि शाळांच्या गॅदरिंगसाठी. कारखान्यात पॅकिंगला होत्या, तेव्हा बायकांच्या संडासाला कडी नाही म्हणून त्यांनी साहेबाच्या केबिनचं दार अडवून धरलं. कडी बसली, बाई मात्र घरी बसल्या. मग झेडपीच्या शाळांतून नाच बसवायला लागल्या. शिक्षण नववी नापास. पण कुठल्या पोरीच्या पायात काय आहे, ते त्यांना पहिल्या गिरकीत कळायचं.

त्यांचा राग होता तो माईकवर. गॅदरिंगला नाचतात पोरी, आणि नाव पुकारतात बक्षीस देणाऱ्या पुढाऱ्याचं. अमुक भाऊंकडून बक्षीस, तमुक दादांकडून बक्षीस. आणि नाचल्या कोण? "आठवीच्या मुली." बस्स, एवढंच.

म्हणून बाईंनी ‘अंगण’ काढलं. कुणाचं बोट न धरता, मोबाईलवर बघबघून, चार महिने डोळे फोडून वेबसाइट उभी केली. खेड्यातल्या पोरापोरींनी आपापल्या दारात नाचायचं, बाईंनी ते जगाला दाखवायचं. नियम एकच. खाली पूर्ण नाव, इयत्ता, गाव. ठळक पिवळ्या अक्षरांत, आणि व्हिडिओतच असं पक्कं छापलेलं की कुणी नाच चोरला तरी नाव पुसता येऊ नये. एखादी आई कचरली की बाई दरडावायच्या, "का गं, तुझ्या पोरीनं चोरी केलीय का तोंड लपवायला?"

‘दिशा आसाराम औटी, इयत्ता नववी, खडकमाळ.’ कांद्याच्या चाळीसमोर, अनवाणी नाचलेली ही पोर हजारो लोकांनी बघितली. नगरहून अपूर्वाताई नावाच्या नृत्यशिक्षिकेचा फोन आला. दर रविवारी पाठवा, फुकट शिकवते. दोन रविवार दिशा एसटीनं जाऊन आली. दहावी होईपर्यंत त्यांच्याकडंच नाच शिकायचं ठरलं होतं.

तिसऱ्या रविवारच्या आधी तिचा बाप आसाराम बाईंच्या दारात आला.

"बाई, सुप्याच्या स्टँडवर दोन पोरं विचारीत हुती, खडकमाळची दिशा कंची म्हनून. त्यो व्हिडिओ काढा."

"त्या पोरांचे कान उपटायचे सोडून माझ्या दारात आलात व्हय, भाऊ?"

"बरं, नाव तरी काढा."

"नाव तर मुळीच नाही. तुमच्या सातबाऱ्यावर आहे का तिचं नाव? नाही ना? मग कुठंतरी असू द्या की!"

आसारामनं चप्पल घातली. तो निघून गेला. बाईंना वाटलं, आपण जिंकलो.

आठच दिवसांत तोच नाच इंटरनेटवर भलत्याच पानावर निघाला. मूळ गाणं काढून कुणीतरी त्यावर घाणेरडं गाणं चढवलं होतं. चोरानं बाकी काही बदललं नव्हतं. खाली पिवळी अक्षरं तशीच होती, नाव, इयत्ता, गाव. पुसता येणार नाहीत अशी बाईंनीच छापली होती ना!

बाईंनी ‘अंगण’ त्याच संध्याकाळी बंद केलं. नगरला जाऊन तक्रार दिली. एक पान बंद झालं की दुसरं उगवायचं. आणि बघत कोण होतं? खडकमाळच. ज्यांनी चार-चार वेळा बघितलं तेच पारावर आसारामला विचारायचे, "पोरगी लई पुढं गेली म्हनं?" माना खाली घालायला पाहिजे होत्या त्यांनी. घातली दिशानं. रविवार बंद झाले, नाच बंद झाला. शाळा तेवढी आईनं भांडून चालू ठेवली.

बाई तिला भेटायला गेल्या तेव्हा ती चाळीत कांदे निवडत होती. तिनं वर बघितलं नाही.

"मावशी, त्या गान्यावर मी नाचले न्हाई. एवढंच सांगा ना सगळ्यांला."

"सांगते. गॅदरिंगला माईकवरून सांगते. बघतेच कोण काय बोलतंय!"

मागून आसाराम म्हणाला, "बाई, हात जोडतो. तुमी बोलल्या की ज्यांनी न्हाई बघितला, त्येबी बघत्याल."

साहेबाचं दार अडवणाऱ्या बाई या माणसाच्या दारातून तशाच परतल्या.

दिशाच्या शाळेच्या गॅदरिंगला त्यांनी यंदा नाच बसवले नाहीत. तरी दरवर्षीचा मान म्हणून हेडमास्तरांनी बक्षिसांची यादी त्यांच्या हातात दिली. बाई वाचत गेल्या. निबंध स्पर्धेपाशी अडखळल्या. गाळावं, तर पोरीनं मिळवलेलं तेवढंच उरलं होतं. वाचावं, तर...

"निबंध स्पर्धा, प्रथम क्रमांक. दिशा आसाराम औटी."

मागच्या अंधारातून कुणीतरी तेच घाणेरडं गाणं गुणगुणलं. चार-सहा जण फिदीफिदी हसले. मुलींच्या रांगेत दिशानं गुडघ्यांत डोकं घातलं. ती उठलीच नाही.

माईक बाईंच्या हातात होता. शिवी ओठांवर आली होती, आणि शिवीमागं ते सगळं खरंसुद्धा, त्या पोरीनं सांगा म्हटलेलं. मंडपाच्या कडेला आसाराम उभा होता, त्यांच्याकडेच बघत. हात जोडलेले.

"बाई," हेडमास्तर हळूच म्हणाले, "पुढचं नाव."

बाईंनी पुढचं नाव वाचलं.