कादंबरीत कुणी न मागितलेली तंबाखू

आई गेल्यावर आप्पा, म्हणजे माझे वडील, वर्षभर रोज संध्याकाळी खुटबावच्या आमच्या विहिरीच्या काठावर जाऊन बसायचे. मी पुण्यात नोकरीला. शनिवारी गावी आलो की लांबून घटकाभर बघून मागं फिरायचो, जवळ जायची छाती होत नव्हती. आप्पा उडी टाकायला बसतात की नुसतेच बसतात, एवढंच मला कळायला हवं होतं. विचारवेना, म्हणून मी कादंबरी लिहिली. तीत एक म्हातारा शेवटच्या पानापर्यंत विहिरीवर एकटा बसून विचार करतो. जन्मभर निर्व्यसनी असलेल्या आप्पांच्या खिशात त्याच वर्षी तंबाखूची पुडी दिसू लागली होती. त्या पुडीतल्या दुःखावर मी एक अख्खं प्रकरण लिहिलं. त्याचं फार कौतुक झालं. आप्पांनी कादंबरी वाचली, फडताळात ठेवली आणि जेवायला बसले.

पुढं पुण्याच्या एका तरुण दिग्दर्शकानं तिच्यावर सिनेमा काढायचं ठरवलं. विचार कसे दाखवणार, असं विचारलं तर म्हणाला, "काहीच दाखवायचं नाही. फक्त बसलेला माणूस." खर्चाच्या दृष्टीनं हे बरंच होतं.

शूटिंग आमच्याच विहिरीवर. कॅमेरा उसात लपवला, नटाला आप्पांचं धोतर नेसवलं. तो बसतोय न बसतोय तोच किटल्या लावलेली दूधवाल्याची सायकल थांबली. "काय पाव्हणं, तंबाखू हाय का?" नट गडबडला. कट. पुन्हा बसवला, तर शेळ्या घेऊन एक म्हातारी आली. "तंबाखू हाय का रं, बाबा?" नाही म्हटल्यावर ती शेजारी टेकली आणि स्वतःचीच पिशवी काढून मळायला लागली. तिसऱ्यांदा एक जण रस्त्यावर बैलगाडी सोडून आला.

दिग्दर्शकानं डोक्याला हात लावला. "या गावात कुणाकडं स्वतःची तंबाखू नाही का?"

"समद्यांकडं हाय की," खुर्चीवर बसून बघत असलेले आप्पा म्हणाले. "हिरीवर एकटा माणूस दिसला की मागायची असती. मळंस्तवर अंधार पडतो, मग दोघं मिळून घरला जात्यात."

मग माझ्याकडे वळले. "तुझ्या पुस्तकात कुणीच कसं आलं न्हाई रं? मला तर रोज कुणी ना कुणी मागायचं. म्हणून तर पुडी ठिवायला लागलो. न्हाईतर मी काय माघारी आलो असतो व्हय?"

उद्या लाईट जाणार आहे, हे सांगावं तशा आवाजात त्यांनी हे सांगितलं. मला सगळ्यांदेखत रडू फुटलं. युनिटमधल्या कुणीतरी चहा आणून दिला.

दिग्दर्शक निर्जन विहीर शोधत निमोण्याकडे गेला. तिथंही नटाकडे तंबाखू मागितली गेली, असं नंतर कळलं.

त्या संध्याकाळी आप्पा जुन्या सवयीनं काठावर जाऊन बसले. मी पहिल्यांदाच जवळ गेलो.

"आप्पा, तंबाखू हाय का?"

"तू कवापास्नं खायला लागला?"

"खात नाही."

आप्पांनी पुडी काढली आणि सावकाश मळायला घेतली.