एकच लेख पस्तीस ठिकाणी

आंधळगावात माझ्या सासऱ्यांचं तांदळाचं दुकान आहे. त्यांना मी मामाजी म्हणते. लग्नानंतर मी दुकानाची वेबसाइट केली, तेव्हा सगळ्यांत जास्त कौतुक त्यांनाच. गिऱ्हाइकाला सांगायचे, "आपलं दुकान आता फोनातबी आहे."

फोनात होतं, पण सापडत नव्हतं. कुणीतरी मला सुचवलं, एक लेख लिहून लेख घेणाऱ्या साइटवर टाका, खाली दुकानाची लिंक द्या, सर्चमध्ये आपोआप वर याल. आमच्याकडच्या सुवासिक चिन्नोर तांदळावर मी इकडूनतिकडून वाचून लेख जुळवला आणि तोच, काना-मात्रा न बदलता, आमच्या साइटसकट पस्तीस ठिकाणी टाकला. कितीतरी दुपारी त्यात गेल्या.

दोन महिन्यांनी त्यातलं एक वाक्य शोधून पाहिलं. लेख दिसला, पण भलत्याच साइटवर. आमच्या पानाचा पत्ता नाही. सारखाच मजकूर अनेक जागी असला की सर्च बहुधा त्यातली एकच प्रत दाखवतं, हे मला तेव्हा कळलं. त्या लिंकांनाही सर्चच्या लेखी फारसं वजन नव्हतं. मी रडकुंडीला आले.

"वाच बरं, काय लिहिलं तं," मामाजी म्हणाले.

मी वाचला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतला.

"चांगला आहे. पण बाई, हे तं कोनीबी लिहीन. याच्यात आपलं काय आहे?"

राग आला, कारण खरं होतं. "मग तुम्हीच सांगा!"

ते खरंच सांगायला बसले. नव्या चिन्नोरला पाणी कमी, जुन्याला जास्त. भात होत आला की झाकण उघडायचं नाही, वास उडून जातो. करडी गावच्या शेतात धान फुलावर आलं की बांधावरूनच त्यांना जात ओळखू यायची. मी टाइप करत होते. मध्येच ते स्क्रीनवर वाकले.

"मी गंज म्हनलो, तू पातेलं काहून लिहून राहिली?"

"पुण्या-मुंबईच्या लोकांना कळायला नको?"

"कळते. भाताचा गंज कोनाले नाही कळत?"

गंज ठेवला. तो नवा लेख फक्त आमच्याच साइटवर टाकला. जुन्या प्रती काढा म्हणून बाकीच्यांना पत्रं लिहिली. काहींनी काढल्या, काही अजून आहेत.

हळूहळू, चिन्नोर कसा शिजवायचा असं शोधलं की आमचं पान वर दिसू लागलं. एके दिवशी पुण्याहून एका बाईंचा फोन आला. माहेर भंडाऱ्याचं. "गंज हा शब्द वाचला आणि आईचा आवाज कानात आला," म्हणाल्या. मामाजींनी फोन माझ्या हातातून घेतला आणि अर्धा तास बोलले. बाईंचं गाव, तिथला तलाव, तलावाखालची धानाची बांधी, सगळं विचारून झालं.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "तांदूळ किती पाठवायचा?"

मामाजींनी कपाळावर हात मारला. "अवं, ते विचारायचं राहूनच गेलं!"

मग मीच त्या बाईंना परत फोन लावला.