ड्रममधला पेरू आणि कंडक्टरची शिस्त

आयुष्यभर बसमध्ये माणसं कोंबली, आणि निवृत्त झाल्यावर कंडक्टरनं ड्रमांत झाडं कोंबायला घेतली.

घरामागं हातरुमालाएवढं फरशीचं अंगण. त्यात लिंबू, चिकू, डाळिंब अशी निळ्या ड्रमांची रांग आणि शेवटी मोरीच्या भिंतीला टेकून पेरू. पाहुणा आत शिरला की अंग चोरून उभा राहायचा. कंडक्टर सवयीनं म्हणायचा, "पुढं सरका, पुढं जागा आहे." पुढं भिंत असायची.

"झाडाला जमीन लागत नाही, शिस्त लागते," तो सांगायचा. "मोकळं सोडलं की माजतं." रोज सकाळी ड्रमाला एक तांब्या पाणी, वर थेंब नाही. या शिस्तीनं बाकीची झाडं पार काटकुळी झाली होती. डाळिंबाला सुपारीएवढी फळं यायची, तीही तडकलेली. पेरू मात्र असा माजला होता की फांद्या मोरीच्या पत्र्यावर लोळत होत्या. कंडक्टर पाहुण्याला डाळिंबापुढून हळूच रेटायचा आणि पेरूपुढं उभा करून व्याख्यान झोडायचा.

मेहुणा सुट्टीच्या दिवशी न चुकता यायचा, पिशवी घेऊनच. "दाजी, हात आहे बरं का तुमचा!" म्हणत पिशवी भरून न्यायचा.

बायकोची रड वेगळीच होती. "अहो, मोरी तुंबते. आंघोळीला बसलं की घोट्याएवढं पाणी साचतं."

"कमी पाणी घे. तुला शिस्त नाही."

अशात बागप्रेमी मंडळानं कुंडीतल्या झाडांची स्पर्धा काढली. अट एकच, झाड कुंडीसकट सभागृहात आणायचं. मंडळाचा अध्यक्ष बागवाल्यांना पुढच्या खुर्च्या द्यायचा आणि कंडक्टरला "या कुंडीवाले" म्हणून मागच्या रांगेत बसवायचा. आता पहिल्या बक्षिसाची ढाल जिंकून त्याच्या नाकासमोर नाचवायची, एवढं एकच भूत कंडक्टरच्या मानगुटीवर बसलं.

स्पर्धेच्या सकाळी टेम्पो दारात आला. मेहुणा आणि टेम्पोवाला ड्रमाला दोन्ही बाजूंनी भिडले. ड्रम ढिम्म.

"दाजी, आत शिसं भरलंय का?"

"जोर लाव! इतके पेरू खाल्ले ते गेले कुठं?"

पहार घालून ड्रम कलता केला, तेव्हा कुठं भानगड कळली. तळाच्या भोकातून मनगटाएवढं मूळ बाहेर पडलं होतं आणि फरशीच्या सांध्यातून थेट मोरीच्या पाइपात शिरलं होतं.

बायको वाकून बघतच राहिली. "म्हणजे इतकी वर्षं आंघोळ मी करायची, आणि पेरू तुमच्या शिस्तीचे?"

मेहुण्याचा चेहरा कडू झाला. "म्हणजे मी ताईच्या आंघोळीचे..." त्यानं पिशवीची घडी घालून खिशात कोंबली.

"न्यायचंय का नाही?" टेम्पोवाला वैतागला.

कंडक्टरनं करवत आणली.

"अहो, तोडलंत तर झाड बसेल!"

"ढाल मिळेपर्यंत उभं राहू दे. मग खुशाल बसू दे."

झाड तेवढंही थांबलं नाही. परीक्षक जेवून येईस्तोवर पेरूनं सगळ्या पानांच्या माना टाकल्या. अध्यक्ष समोर येऊन थबकला. "काय कुंडीवाले, झोपलं वाटतं?"

"प्रवासाचा शीण आहे," कंडक्टर म्हणाला.

ढाल रंगाच्या डब्यातल्या लिंबाला गेली. कंडक्टरनं सगळ्यांदेखत तो डबा उचलून खालून तपासला. खाली काही नव्हतं.

घरी बायकोनं पाइपात उरलेलं मूळ ओढून काढलं होतं आणि मोरी घळाघळा वाहत होती. बायको दोन बादल्या अंगावर घेऊन, गाणं गुणगुणत बाहेर आली. अंगणात कंडक्टर पेरूला कळशीवर कळशी पाजत होता आणि पेरू पानं गाळत होता.

"जमीन द्या त्याला," ती म्हणाली.

"लोक काय म्हणतील?"

"मग सरपण करा."

दुसऱ्या दिवशी कंडक्टरनं मोरीपासून लांब, दुसऱ्या टोकाला फरशी फोडून खड्डा खणला. ड्रमाचा तळ करवतीनं कापला आणि झाड ड्रमासकट त्या खड्ड्यावर बसवलं. वरून बघणाऱ्याला ड्रम तो ड्रमच.

पेरू जगला. पाहुणे पुन्हा येऊ लागले.

"ड्रममध्ये एवढं झाड?"

"जमीन लागत नाही हो, शिस्त..."

मोरीतून बायको जोरात खाकरली.

"...आणि थोडी सवलत," कंडक्टर म्हणाला. पाहुण्यानं कौतुकानं ड्रमाला हात घालताच तो घाईनं मध्ये आला. "चला, चला, पुढं सरका."