तिसऱ्या आठवड्यात मी रुळले म्हणे

मंडळी, दुपारपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय.

मी सावद्याची. धुळ्यातल्या एका दवाखान्यात रिसेप्शनला लागले, त्याला आता तिसरा आठवडा. पहिल्या आठवड्यात एक पेशंट गेला, तेव्हा बाथरूममध्ये जाऊन रडले होते.

आज पिंपळनेरकडचे एक आबा काउंटरवर आले. त्यांची बायको सकाळीच वारली होती. मी विचारलं, "मयताचं पूर्ण नाव?" त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं. तिच्या बांगड्यांची पुडी त्यांच्या हातात दिली, कागदावर अंगठा घेतला. मला काहीच वाटलं नाही. खरंच, काहीच नाही.

जाता जाता आबा थांबले. "बेटा, तू जेवनी का?"

मी "हो" म्हणाले. जेवले नव्हते.

ते गेल्यावर शेजारच्या सीनियर अक्का कौतुकाने म्हणाल्या, "आता रुळलीस हं तू."

मी डबा उघडला आणि सगळा संपवला. हात धुताना लक्षात आलं, आबांना मी साधं "बसा"सुद्धा म्हटलं नव्हतं.

तुमचंही नोकरीत असं झालंय का? नंतर परत काही वाटायला लागतं का हो?