सुतळीची मूठ

एस्तान्सियाच्या बंदरासमोर जे सुपरमार्केट आहे, त्याच्या तिसऱ्या काउंटरच्या टोकाला कोन्सिंग उभी असायची. गल्ल्यावरची मुलगी माल मोजून पुढे सरकवायची आणि कोन्सिंग तो पिशवीत नाहीतर खोक्यात भरायची. बाकीच्या काउंटरांवर भरायला सगळी पोरं. आज आली, कंत्राट संपलं, चालली. कोन्सिंगचे केस मात्र तिथेच पिकले. मालकाने तिला हलवलं नाही, त्यात त्याची माया वगैरे काही नव्हती. बेटांवरची गिऱ्हाइकं तिच्याकडून खोकं बांधून घेतल्याशिवाय होडीत पाय ठेवत नसत, एवढंच. खारं पाणी, होडीतली आदळआपट, वरून कुणाच्या तरी डुकराच्या पिल्लाचे पाय, एवढं सगळं सोसून खोकं धड घरी पोचायला हवं ना!

तिची हत्यारं म्हणाल तर हाताच्या बोटांवर मोजावीत. पुढे दोन हात केलेला एक लोखंडी स्टँड, त्यावर कागदी पिशवी अडकवली की तिचं तोंड उघडं राहायचं. काउंटरखाली नूडल्सची, साबणाची, सार्डिनची रिकामी खोकी. लाकडाच्या ठोकळ्यात रोवलेलं पातं. आणि तिचा सगळ्यात लाडका, दुधाच्या पावडरीचा जुना डबा: आत प्लॅस्टिकच्या सुतळीचं रीळ, झाकणाला भोक, भोकातून सुतळीचं टोक नेहमी बाहेर. ओढा हवी तेवढी, गुंता म्हणून व्हायचा नाही. मध्ये दुकानाने गोल फिरणारे नवे चकचकीत स्टँड आणले. एकदा फिरवला की पुढची पिशवी हजर. पोरं खूश. कोन्सिंगलाही एक मिळाला.

"मनांग, त्या स्टँडवर छत्री वाळत घालायची नाही, असं साहेबांनी सांगितलंय," गल्ल्यावरची मेरीग्लेन म्हणायची. थोरल्या बहिणीला, वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे मनांग म्हणतात.

"साहेबांना म्हणावं, त्याच्यावर बेटाचं एक खोकं बांधून दाखवा. मग काढते छत्री."

पण तिची खरी करामत होती ती मूठ. खोकं आडवं-उभं आवळलं की वर ती सुतळीचे पदर घ्यायची, पीळ द्यायची आणि त्यावर पुठ्ठ्याची घट्ट गुंडाळी करायची. सुतळी बोटांना काचू नये म्हणून. पण ही गुंडाळी सगळ्यांना नाही; बाकीच्यांना ती नुसत्या पिळाची साधी मूठ करून द्यायची. पुठ्ठ्याची मूठ फक्त एकाच खोक्याला असायची, आणि ते खोकं जायचं मालबोगला.

मालबोग हे तिचं माहेर. समोरचं बेट. आभाळ स्वच्छ असलं की बंदरावरून दिसतं, तिथली नारळाची झाडंसुद्धा. तिचा बाप एलिसेओ होड्या बांधणारा सुतार, एकमार्गी आणि भयंकर हेकट. बर्फाच्या कारखान्यातल्या रोमेलबरोबर कोन्सिंग निघाली, तेव्हा तो लाकूड तासायचा वाकस हातात घेऊन गुडघाभर पाण्यात उभा राहिला होता. सगळा किनारा ऐकत होता. "त्या होडीत चढलीस तर मी जिवंत असेपर्यंत या किनाऱ्याला पाय लावायचा नाही," तो म्हणाला. ती चढली. हेकटपणा काय फक्त बापालाच देवाने दिला होता? रोमेल पुढे मनिलाला कामाला म्हणून गेला तो गेलाच. तेव्हा ती परत गेली असती तर कदाचित भागलं असतं. पण बापाचं खरं ठरलं हे सांगायला कोणत्या तोंडाने जायचं? राहिली इथेच. शब्द मागे घेतल्याचा एक निरोप बापाने धाडावा, एवढ्याची ती वाट बघत होती. साधं "ये" म्हटलं असतं तरी ती पोहत गेली असती.

निरोप येत नव्हता. यायचा तो तिचा धाकटा भाऊ बेर्तिंग, दर महिन्याला, आईच्या छोट्या दुकानाचा माल न्यायला. दुसरे काउंटर मोकळे पडले असले तरी हा पठ्ठ्या तिसऱ्याच रांगेत. दोघं बोलायची जेमतेम, नानायचं म्हणजे आईचं आणि तातायचं म्हणजे बापाचं.

"नानाय बरी?"

"बरी आहे."

"आणि तो?"

"आहेत की तातायही. नेहमीसारखे."

बेर्तिंग होडी लावायला पलीकडच्या खाडीत जायचा आणि खोकं किनाऱ्यावरून चढ चढून घरी न्यायची नानाय. कोन्सिंग घरात होती तेव्हापासून हे असंच. म्हणून तर पुठ्ठ्याची मूठ. माय-लेकींचं जे काही बोलणं उरलं होतं, ते त्या मुठीतून. आणि गंमत म्हणजे तिकडून उत्तरही यायचं. बेर्तिंग मान खाली घालून सांगायचा, "मूठ जरा लांब ठेव, हात नीट मावत नाही." पुढे कधीतरी, "एका मोठ्या खोक्याऐवजी दोन लहान कर, चढावर जड होतं म्हणे." मग मालात हाडांसाठीचं दूध यायला लागलं, म्हाताऱ्या माणसांचं, निळ्या डब्यातलं. कोन्सिंगच्या मनात यायचं, आई थकली आणि आपण इथे डब्यातून सुतळी ओढत उभ्या.

"अजून नानायच नेते का रे खोकं? तुझ्या हातांना काय झालंय?"

"नेतात घरचे कुणीतरी," बेर्तिंग म्हणायचा, आणि बिलाची घडी घालत बसायचा.

आमच्याकडे मयताच्या घरचा माल ओळखायला काही लागत नाही. साखर-दूध मिसळलेली कॉफीची पाकिटं, पत्र्याच्या डब्यातली बिस्किटं, सोलून खायच्या कलिंगडाच्या भाजक्या बिया, पुदिन्याच्या गोळ्या, कागदी पेले, मेणबत्त्या आणि रात्रभर जागायला पत्ते. असा माल आला की कोन्सिंग दोन गोष्टी करायची नाही. दुकानाचा नियम असा, की प्रत्येक गिऱ्हाइकाला "धन्यवाद, पुन्हा या" म्हणायचंच. ती मयताच्या घराला म्हणायची नाही. पुन्हा या? कशासाठी पुन्हा या? साहेब एकदा ओरडले तिला. तिने कानाआड केलं. आणि दुसरं, त्या खोक्याला ती शेवटची गाठ मारायची नाही. मेलेल्याच्या हातातली जपमाळ आपण तोडतो ना, मरण त्या घरात ओवलं जाऊ नये म्हणून? तसंच हे. सुतळीचं टोक नुसतं खाली खोचायचं. खोकं घरी पोचेपर्यंत टिकायचं, आणि तिथे नुसत्या हाताने सुटायचं.

त्या दिवशी बेर्तिंग महिना भरायच्या आधीच आला. कोन्सिंग एका बाईच्या अंड्यांना कागद गुंडाळत होती. मान वर केली तर हा रांगेत, दाढीचे खुंट वाढलेले, हात गाडीच्या दांड्यावर. ती हसली. तो हसला नाही.

मग माल यायला लागला.

आधी कॉफी. नुसती कॉफीच केवढी! मग बिस्किटांचे डबे. डबे मोठे, म्हणून या वेळी तिने एकच मोठं खोकं उघडलं, तळाला पुठ्ठा घातला, डबे लावले. कलिंगडाच्या बिया आल्या तेव्हा तिचा हात थांबला. पेले आले. मेणबत्त्या आल्या. पत्त्यांचे दोन जोड आले.

तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं. ती भरत राहिली आणि डोक्यात एकच भुंगा: कोण? नानाय असेल तर? तर मग ताताय जिवंत आहे, आणि ताताय जिवंत आहे तर किनारा बंद. आईचं तोंडसुद्धा बघायला मिळायचं नाही. बेटावर मेणबत्त्या लागतील आणि आपण बंदरावरून नारळाची झाडं बघत उभ्या राहू. मेणबत्त्यांचा गठ्ठा छातीशी धरून कोन्सिंगने मनातल्या मनात देवाला सांगितलं, तो असू दे. नानाय नको. तो असू दे.

गाडीत शेवटी एकच वस्तू उरली होती. बेर्तिंगने ती उचलून ठेवली. निळा डबा. नानायचं दूध.

कोन्सिंगचा जीव भांड्यात पडला. आई आहे! आणि पुढच्याच क्षणी तिला स्वतःची शिसारी आली. आपण बापाचं मरण मागितलं. मागितलं आणि ते हातात पडलं, भर दुकानात, लोक रांगेत उभे असताना.

तिने खोकं बंद केलं. डब्यातून सुतळी ओढली, आडवी घेतली, उभी घेतली, पदर पिळले, पुठ्ठा गुंडाळला. टोक खाली खोचलं. गाठ नाही. बेर्तिंग तिच्या बोटांकडे बघत होता. ती "पुन्हा या" म्हणाली नाही, आणि तेव्हा त्याचा बांध फुटला.

"परवा रात्री गेले," तो म्हणाला. "होडीला फळी लावत होते. म्हणाले, जरा बसतो. मला सांगायचं होतं गं मनांग, पण इथे आलो आणि तोंडच उघडेना."

"मी येते."

"मनांग, ते म्हणाले होते..."

"जिवंत असेपर्यंत म्हणाला होता." हे तिच्या तोंडून इतकं कडू निघालं, की तिचं तिलाच ऐकवेना. तिने छत्री घेतली. मेरीग्लेन कधी उठली होती कोण जाणे, तिने फक्त कोन्सिंगचा खांदा दाबला.

दोघं होडीत बसली. मालबोगला उतरताना पाणी गुडघाभर होतं. वाकस घेऊन कुणी उभं नव्हतं. ती रिकामी जागा बघून कोन्सिंगला वाटलं, कुणीतरी ओरडावं आता. कुणीतरी म्हणावं, मागे हो.

बेर्तिंग होडी घेऊन खाडीकडे वळला. खोकं तिने उचललं. इतकी वर्षं बांधली, पण आपलं खोकं तिने असं कधी वाहिलं नव्हतं. चढ उभा होता. मूठ चांगली होती, काचत नव्हती, तरी वजन खांद्यापर्यंत चढलं. वाटेत एका दगडापाशी तिने ते टेकवलं, हात बदलला आणि पुन्हा चालू लागली.

घर माणसांनी भरलं होतं. नानाय दारात खुर्चीवर, पायांवर घोंगडी. लेकीला बघून ती उठली नाही. उठता येत नव्हतं तिला. नुसते हात पुढे केले. कोन्सिंगने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि म्हातारी कितीतरी वेळ तिच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवत राहिली. "म्हातारी झालीस गं," ती म्हणाली.

"तू अशी बसलेली, मग खोकं कोण आणायचं वर?"

"मी? माझे गुडघे जाऊन किती काळ लोटला, पोरी. तुझा तातायच आणायचा. बेर्तिंगला हात लावू द्यायचा नाही."

कोन्सिंगला समजेना. "मूठ लांब ठेव म्हणून..."

"त्याचाच निरोप. पंजा केवढा त्याचा, तुझ्या त्या इवल्याशा मुठीत शिरायचा कसा? दोन खोकी कर, हाही त्याचाच. छातीत दुखायला लागलं होतं तेव्हापासून. मी म्हटलं, कुणाला सांगू? तर म्हणे, तू नको सांगू, बेर्तिंग तिसऱ्या काउंटरला सांगेल. नाव घ्यायचा नाही. तिसरं काउंटर म्हणायचा."

कोन्सिंग ताडकन उठली. दुःखाआधी संताप आला तिला, अगदी बापासारखाच. "मग 'ये' म्हणायला काय जीभ झडली होती त्याची?"

नानायने वर बघितलं. "आणि तुला यायला काय झालं होतं? बंदरावरून समोर तर दिसतं हे बेट."

कोन्सिंग आत गेली. शवपेटीत बाप पडला होता, आक्रसलेला, ओळखू न येण्याइतका लहान. पंजे मात्र तसेच. बोटांत तोडलेली जपमाळ. तिच्या डोळ्यांत पाणी भरलं तसं एका शेजारणीने दंड धरून तिला मागे ओढलं. "पेटीवर थेंब पडू देऊ नकोस बाई, त्याची वाट जड होते. तिकडे जा, तिकडे रड."

तिकडे म्हणजे कोपऱ्यात. तिथे त्याची हत्यारांची पेटी होती, वाकस, रंधे, करवती, सगळी लावून ठेवलेली. वाटेत कुणी अडखळू नये म्हणून ती उचलायला कोन्सिंग वाकली आणि तशीच राहिली. पेटीला सुतळीची मूठ होती. नूडल्सच्या खोक्याचा पुठ्ठा, घामाने काळा आणि गुळगुळीत झालेला, आणि पाहताक्षणी ओळखावा असा तिचा स्वतःचा पीळ. पलीकडच्या पाण्याच्या बादलीला तीच मूठ. खिडकीच्या फळीला तीच. जो माणूस अख्खी होडी उभी करायचा, त्याला लाकडाची एक मूठ करायला कितीसा वेळ लागला असता?

तिने त्या मुठीत हात घातला. लांब होती, तिच्या हाताला फार लांब. अर्धी रिकामीच राहिली. मग कोन्सिंग त्या हत्यारांच्या पेटीवर ओणवी झाली आणि तिथे, जिथे थेंब पडले तर चालतात, तिथे पोटभर रडली.