रेणुकादास वकिलांचे ब्रेक

नांदेडच्या अदालतीत तारीख लांबवून घ्यायची असेल तर पक्षकार थेट रेणुकादास वकिलांचं दार गाठत. निजामाच्या राज्यात तशी कुणालाच घाई नव्हती. त्यात हे गृहस्थ बोलायला उभे राहिले की मुन्सफसाहेबांना जांभया येत आणि खटला आपसूक पुढच्या हंगामावर जाई. त्यांच्या बायकोला, सौदामिनीला, या कीर्तीचं फार कौतुक होतं. घरी मोटार आली आणि ते कौतुक ओसरलं.

मोटार हैदराबादच्या कुणा जहागीरदाराची, लिलावात घेतलेली. ती येईपर्यंत सौदामिनी वर्षातून दोनदा तरी रेल्वेनं धर्माबादला, धाकट्या बहिणीकडे, गोदावरीकडे जायची. मोटार आल्यापासून एकदाही गेली नव्हती. दारात मोटार असताना वकिलाची बायको तिसऱ्या वर्गाच्या डब्यात दिसली तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असा वकिलांचा मुद्दा होता. आणि मोटारीनं जायचं तर तिच्या मागच्या ब्रेकांचं काम चालू होतं.

या कामाला मिस्त्री लावणं वकिलांना मंजूर नव्हतं. हैदराबादेहून नवे लायनर, म्हणजे ब्रेकांच्या आतल्या घासणाऱ्या पट्ट्या, मागवून घेऊन त्यांनी स्वतःच मोटारीचा मागचा भाग विटांवर चढवला, चाकं काढली, लाकडी हातोडीनं ठोकून ठोकून ड्रम उतरवले. स्प्रिंगा उडाल्या, त्यातली एक शेजाऱ्यांच्या पापडांत सापडली. झिजलेले लायनर निघाले, नवे बसले, ड्रम आणि चाकं परत चढली. इथवरचं काम कुणीही नावाजावं असं झालं होतं.

पुढचं काम ताण लावायचं. ड्रमच्या मागं एक चौकोनी बोल्ट असतो. तो आवळत न्यायचा, चाक घासायला लागलं की किंचित सैल करायचा आणि थांबायचं. आवळणं वकिलांना जमे, सैल केल्यावर मात्र ब्रेक लागणारच नाही असं त्यांना वाटे. पुन्हा आवळत, मग चाक फिरेना, मग सगळं मोकळं करून पहिल्यापासून सुरू. या उद्योगात पेडल दाबायला माणूस लागतो. म्हणून सौदामिनी रोज संध्याकाळी डोक्यावर पदर घेऊन चालकाच्या जागेवर बसे, आणि मोटारीखालून हुकूम आला की दाबे, हुकूम आला की सोडे. रोज मोटारीत बसायला मिळतं म्हणून गल्लीतल्या बायका तिचा हेवा करत.

ब्रेक छान लागलाय, असं ती आठवडाभर सांगत होती. तुला जायची घाई आहे म्हणून तसं वाटतं, असं वकील म्हणत. ते खरंच होतं, त्यामुळे ती पुन्हा पेडल दाबे.

घाई का नसावी? गोदावरीचे दिवस भरत आले होते. पहिलं मूल जन्मताच गेलं तेव्हा तिच्याजवळ माहेरचं कुणी नव्हतं. या खेपेला मी येते, असा शब्द सौदामिनीनं दिला होता. गोदावरीच्या दिराचा निरोप आला की आता उशीर करू नका, तेव्हा वकील म्हणाले, उद्या सकाळी नक्की. दुसऱ्या सकाळी ते गोणपाट अंथरून मोटारीखाली गेले. सौदामिनीनं दशम्या बांधल्या, ट्रंक ओट्यावर आणून ठेवली आणि सवयीनं चालकाच्या जागेवर जाऊन बसली.

"अहो, मी निघून राहिले. रेल्वेनं जाते."

"दाब."

तिनं दाबलं. "ऐकलंत का? गोदीकडं जाते म्हटलं."

"हं. सोड."

तिनं सोडलं, खाली उतरली आणि गडी सटवाजी याला टांगा आणायला पाठवलं.

जनानी डब्यात खिडकीशी जागा मिळाली. शेजारी उमरीला उतरणारी केवळाबाई होती, मांडीवर कोंबड्यांची डाली. गाडी स्टेशनातून निघाली, फाटक ओलांडून थोडी पुढं गेली आणि सिग्नल मिळेना म्हणून उभी राहिली. सौदामिनीनं मागं पाहिलं. बंद फाटकाच्या पलीकडे, विटांवरून उतरलेली त्यांची मोटार येऊन थांबत होती.

तिला भरून आलं. हा माणूस आपल्यामागं मोटार घेऊन आला, कशीबशी का होईना, पण आला. आता इथूनच उतरावं आणि त्यांच्याबरोबर जावं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. फाटक उघडलं. खोळंबलेल्या बैलगाड्या दोन्हीकडून निघाल्या. मोटार मात्र जागची हलेना. इतके आवळलेले ब्रेक वाटेत तापले होते आणि आता चाकाला सोडायला तयार नव्हते.

वकील खाली उतरले. गाडी शंभर पावलांवर उभी होती. चालत येऊन खिडकीशी दोन शब्द बोलायला, सांभाळून जा म्हणायला, भरपूर वेळ होता. त्यांनी एकदा गाडीकडं पाहिलं, एकदा मागच्या चाकाकडं. मग काळा कोट काढून टपावर ठेवला, पाना घेतला आणि मोटारीखाली शिरले.

केवळाबाई खिडकीतून वाकून बघत होती. "आता गं बया, त्यो कोण हाय वो? मोटारीखाली झोपून राहिलाय."

"कोण की, बाई," सौदामिनी म्हणाली. "माझ्या ओळखीचे नाहीत."

नवऱ्याला असं नाकारल्याचं तिला वाईट वाटायला हवं होतं. पण सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि तिला सपाटून भूक लागली होती. गाडी हलली तेव्हा तिनं पुरचुंडी सोडली, एक दशमी केवळाबाईच्या हातावर ठेवली आणि दुसरी आपण खायला घेतली.