रिकाम्या पेटीची राखण

आमच्या घरात सतार एक आणि ती ठेवायच्या पेट्या दोन. जुनी सागवानी, नवी फायबरची. सतार माझ्या बायकोची आणि पेट्यांची कटकट माझी, अशी आमची वाटणी आहे.

जुनी पेटी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी वर्ध्यातल्या एका सुताराकडून करून घेतली. मी कागदावर मापं लिहून नेली होती. त्यानं कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "मापं नका सांगू, सतार आणा," म्हणाला. आणली. त्यानं ती सतरंजीवर आडवी ठेवली, सुतळीनं भोपळा मापला, दांडी मापली, सुतळीला जागोजागी गाठी मारल्या आणि त्या गाठींवर पेटी केली. आत जिनिंगमधला सरकी काढलेला कापूस दाबून भरला, वर लाल आलवणाचं कापड ठोकलं. झाकण लावलं की आत सतार केसभर हलत नाही. एकच गोष्ट आहे, ती पेटी एका माणसाच्यानं उचलवत नाही. दोन टोकांना दोन पितळी कड्या. पुढची तिची, मागची माझी. असे आम्ही तीस वर्षं हिंडलो. आर्वी, पुलगाव, हिंगणघाट, कुठे गणपती, कुठे शारदोत्सव, कुठे शाळेचं गॅदरिंग.

मला गाण्याबजावण्यातलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात जन्म गेला माझा. बायको संगीताची शिक्षिका, तिचं सगळं सुरात. मी आरतीतसुद्धा नुसते ओठ हलवतो. त्यामुळे तिच्या सतारीत माझा वाटा कोणता, तर मागची कडी. आणि तो वाटा मी कधी कोणाला दिला नाही. मंडळाच्या पोरांनी म्हटलं, काका, आम्ही धरतो, तर मी हात लावू देत नसे.

मागच्या हिवाळ्यात तिच्या डाव्या हाताची बोटं आखडायला लागली. सावंगीला दाखवलं, सेवाग्रामला दाखवलं. दोन्हीकडे एकच उत्तर: सांध्यांचं आहे, वयाचं आहे, जपा. आता सतारीची तार डाव्या बोटानं दाबून बाजूला ओढावी लागते, त्यात जपायचं काय, कप्पाळ? अशातच सिंदी रेल्वेहून तिच्या जुन्या विद्यार्थिनींचा फोन आला. तिथल्या शाळेत तिची उमेदीची वर्षं गेली. एप्रिलमध्ये कार्यक्रम ठेवतो, मॅडम, तुम्ही वाजवायचं. तिनं लगेच हो म्हटलं आणि फोन ठेवून मला म्हणाली, "हा करते. मंग मंचावरचं बंद."

"पाहू," मी म्हटलं.

"पाहू नाई. ठरलं माह्यं."

बोटांवर माझा इलाज चालत नव्हता. म्हणून मी पेटीवर राग काढला असेल, नाही म्हणत नाही.

झालं असं, की फेब्रुवारीत एकदा सतार दुरुस्तीला न्यायची म्हणून पेटी उचलली, तर तिच्या हातून कडी सुटली आणि पेटीचं टोक दाणकन उंबऱ्यावर आदळलं. सतारीला काही झालं नाही. पेटीलाही नाही, सागवान ते. पण ती तिथेच पायरीवर बसली, बोटं चोळत. हे पुण्यातल्या आमच्या मुलीला कसं कळलं देव जाणे. आठ दिवसांत दारात हे एवढं मोठं खोकं, आणि आत ती नवी पेटी.

काळीकुळकुळीत, चकचकीत. पाठीवर घ्यायला पट्टे, ओढायला चाकं, कुलपाला आकडे. आत काळा फोम. वासच असा की दोन दिवस पुढच्या खोलीत बसवेना. आणि सतार ठेवून पाहिली तर भोपळा गच्च आणि दांडीकडे चांगली दोन बोटं जागा मोकळी! बरोबरच आहे. भोपळा वेलावर होतो, कारखान्यात नाही. ज्यानं पेटी केली त्याला वाटलं, दुनियेतल्या सगळ्या सतारी एका मापाच्या.

"तिथे माह्यी जुनी ओढणी खोसू," बायको म्हणाली. "हलकी किती आहे पाहा ना. एका हातानं उचलते मी."

"हलकी तर पापडही राह्यते. म्हणून त्याच्यावर बसते का कोणी?"

"तुमच्या सागवानात उंदरीण व्यायली होती, विसरले का?"

ही गोष्ट खरी आहे. एका पावसाळ्यात कापसात उंदरीण व्यायली होती. पावसाळ्यात झाकण फुगतं आणि बुक्की मारल्याशिवाय उघडत नाही, हेही खरं. पण दोष कोणात नसतात? नवीत उंदीर शिरणार नाही, कबूल. पाणी शिरणार नाही, कबूल. पण आपला वर्धा! इथे एप्रिलात नळाला चहाचं पाणी येतं. काळ्या पेटीत, बंद झाकणात सतारीचं काय होईल? भोपळ्याचे जोड सरसानं चिकटवलेले असतात. ते सुटले म्हणजे? आणि तेही नेमके शेवटच्या कार्यक्रमाला?

मुलीला फोनवर समजावलं. ती म्हणाली, "बाबा, उन्हात ठेवायचीच काऊन पण?" या पोरीला पुण्यात राहून वऱ्हाडी बोलायची आठवण फक्त मला गप्प करताना होते.

मग मी ठरवलं, की आता बोलायचं नाही, दाखवायचं. कार्यक्रमाला चार दिवस होते. बायको दुपारची पडली होती. मी दोन्ही पेट्या गच्चीवर नेल्या. जुनी एकट्यानं जिन्यावरून कशी नेली ते मलाच माहीत, कंबरेला अजून आठवण आहे. दोन्हीत गुळाचा एकेक खडा ठेवला, सारखाच, लिंबाएवढा. झाकणं लावली आणि खाली येऊन पंख्याखाली बसलो. तीन तासांनी वर गेलो. जुनी उघडली, तर गूळ जसाच्या तसा, आलवणावर गुमान बसलेला. नवी उघडली, तर गूळ कुठे आहे? पाक झाला होता! फोममध्ये मुरला होता.

मी एवढा खूश झालो की तिथूनच ओरडलो, "ये वर, पाह्य! पाह्य तुह्यी नवी पेटी!"

ती जिना चढून आली तोवर मुंग्या तिच्याआधी पोचल्या होत्या. लाल. पेटीच्या कडेनं चाकांवरून आत रांगच लागली होती. तिनं एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"मायबाई! काय करून राह्यले तुम्ही हे? सतारीच्या घरात गूळ?"

"अव, पण जुनीतला पाह्य ना, कसा खडा आहे अजून. मी म्हणतच होतो..."

"चुलीत गेली तुमची जुनी! चार दिवसांवर कार्यक्रम आला अन् तुम्ही मुंग्या लावून राह्यले!"

मी खाली जाऊन बादली आणली, फडकं आणलं आणि गच्चीवर उकिडवा बसून फोम पुसायला लागलो. जितका पुसावा तितका चिकट. माझं बरोबर निघालं होतं, शंभर टक्के बरोबर, आणि मीच मुंग्या वेचत बसलो होतो. असा संताप आला! तोंडाचा पट्टा सुरूच होता माझा. मी म्हणालो, तीस वर्षं या पेटीनं सतार सांभाळली, तीस वर्षं मी मागची कडी सोडली नाही, एक कार्यक्रम चुकवला नाही तुझा, आणि आता चाकं आली म्हणून मी भंगारात?

ती कठड्याला टेकून उभी होती. चिडलेलीच होती, पण आवाज चढवला नाही.

"एक कार्यक्रम चुकवला नाई?"

"सांग ना कोणता चुकवला!"

"मी वाजवून राह्यली की तुम्ही कुठं राह्यता?"

"तिथंच. मागच्या खोलीत. पेटीपाशी."

"अन् सतार कुठं राह्यते तेव्हा?"

मी फडकं पिळता पिळता थांबलो. पुलगावला एकदा मंडपवाल्यांनी पेटीचा बाक करून त्यावर चहाची किटली ठेवली होती. त्या दिवसापासून मी पेटी सोडून हललो नाही, हे तिला ठाऊक होतं. पण सतार मंचावर, आणि मी मागच्या खोलीत रिकाम्या पेटीवर पहारा देत. तीस वर्षं! बरं, असं बसायला मला कोणी सांगितलं नव्हतं. घरी ऐकलंच की, म्हणावं, तर घरी रियाज म्हणजे एकच तुकडा पन्नासदा, तोही भिंतीपलीकडून.

"एकदा तरी पुरं ऐकलं का तुम्ही माह्यं?" ती म्हणाली. "म्हणून म्हटलं चाकाची घेऊ. कोपऱ्यात टाकली तरी चालते तिले. तुम्ही समोर बसा एक दिवस."

मी फडकं पुन्हा बादलीत बुडवलं. नुसता पुसत बसलो, दिवे लागेपर्यंत.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारच्या पॅसेंजरनं सिंदीला निघालो. पेटी ती स्वतः ओढत होती. प्लॅटफॉर्मवर चाकांचा तो खडखड आवाज, आणि मी मागून पाण्याची बाटली घेऊन, वरातीतल्या पाहुण्यासारखा. हात कुठे ठेवावेत तेच समजेना. गाडीत ती पेटी दोन बाकांच्या मधे उभी राहिली, कोणाला अडचण नाही, तेवढं मान्य करतो. बायको खिडकीशी बसून सगळा वेळ डाव्या हाताची बोटं उघडमीट करत होती.

तिथे विद्यार्थिनींनी पाया पडून झाल्यावर एकीनं विचारलं, "मॅडम, पेटी कुठं ठेवू?" "ठेव कुठंही," ती म्हणाली. कुठंही! मी गिळलं ते. दुसऱ्या रांगेत खुर्चीवर जाऊन बसलो.

पहिली दहा मिनिटं माझं लक्ष पेटीतच. खोलीला कडी घातली असेल का, कोणी बसलं तर नसेल? मग हळूहळू कान तिकडे गेले. मला राग समजत नाही, ताल समजत नाही. पण घरात भिंतीपलीकडून ऐकलेले तुकडे मला ओळखू यायला लागले. हा तर तो, ज्याच्यावर मी परवा ओरडलो होतो, बातम्या ऐकू येत नाहीत म्हणून. तो दुसऱ्याला जाऊन मिळाला, दुसरा तिसऱ्याला. अरे, हे असं आहे होय! इतकं सगळं होतं आणि मी मागे बसून कुलूप-कड्या मोजत होतो. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. बाजूच्या बाई डोळे मिटून बसल्या होत्या, मी मात्र डोळे उघडेच ठेवले.

शेवटी ती भराभर वाजवते. ते मला एकाच कारणानं माहीत होतं: ते सुरू झालं की मी मागे उठायचो, झाकणाच्या खिट्या काढायचो, ते उघडायचो, आतला कापूस थोपटून सारखा करायचो. तेवढ्यात टाळ्या. त्यामुळे ते कधी कानात शिरलंच नाही. आज ऐकू म्हणून मी खुर्चीत पुढे सरकून बसलो.

वेग वाढत गेला. तबलेवाल्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली, तार ओढली आणि बोट घसरलं. पुन्हा ओढली, पुन्हा घसरलं. तिनं डावा हात वर धरून त्याच्याकडे पाहिलं, हसली आणि हळूच सतार मांडीवर आडवी केली. माइक जवळ घेतला. "इथंच थांबते," म्हणाली. "बोटं नाई म्हणून राह्यली."

सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मुली मंचाकडे धावल्या. शेजारचे गृहस्थ टाळ्या वाजवता वाजवता मला म्हणाले, "उठा ना, संपलं."

"नाई, आणखी आहे," मी म्हटलं. "शेवटचं राह्यलं तिचं." आणि मी बसूनच राहिलो.